चार मणक्यांवरून लांब मानेच्या डायनोसॉरची नवी प्रजाती कशी ठरवतात?

शिंपला | शनिवार, रात्री ९:०५

नमस्कार मंडळी,

लांब मानेच्या डायनोसॉरची, म्हणजे सॉरोपॉडची, नवी प्रजाती सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. मूळ शोधनिबंध उघडला की प्रत्यक्षात हाती असतं ते मानेचा दीड मणका, शेपटीचे दोन-तीन मणके आणि मांडीच्या हाडाचा खालचा तुकडा. एवढ्यावरून हा प्राणी नवा आहे, आधी माहीत असलेल्यांपैकी नाही, हे कशाच्या आधारावर म्हणतात? आपल्या जबलपूरचं टायटॅनोसॉरस हे नाव लहानपणापासून वाचलंय, आता ते बाद धरतात. तेही दोन मणक्यांवरच दिलेलं होतं.

माझं मत आधीच सांगतो. निदान निम्मा सांगाडा हाती येईपर्यंत नाव देऊ नये. पार्ल्याच्या आमच्या अभ्यासगटात पुढच्या महिन्यात हाच विषय घेतलाय, तेव्हा जाणकारांनी हात आखडता न घेता लिहावं.

तळटीप | शनिवार, रात्री ९:१८

विषय उत्तम. एक दुरुस्ती. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'प्रजाती' म्हणजे वरची पातळी आणि 'जाती' म्हणजे खालची. टायटॅनोसॉरस ही प्रजाती, इंडिकस ही जाती. वर्तमानपत्रं जातीलाच प्रजाती म्हणतात आणि मग चर्चेत गोंधळ होतो. इथे तो जास्तच महत्त्वाचा आहे, कारण सॉरोपॉडमध्ये बहुतेक वेळा नवी जाती आणि नवी प्रजाती एकदमच जाहीर होते.

शिंपला | शनिवार, रात्री ९:२१

मान्य. शीर्षक आता बदलता येत नाही, पुढे 'जाती' लिहितो.

कशेरुका | शनिवार, रात्री १०:१२

मणक्यांपासूनच सुरुवात करू, कारण सॉरोपॉडची ओळख सगळ्यात जास्त तिथेच असते.

गाईचा मणका हातात घेतला तर तो भरीव लागतो. सॉरोपॉडच्या मानेचा मणका तसा नाही. पक्ष्यांसारख्या हवेच्या पिशव्या त्यात शिरलेल्या असत. म्हणून मणक्याच्या धडाला दोन्ही बाजूंनी मोठे खळगे असतात आणि वरच्या कमानीवर हाडाची पातळ पाती उभी असतात. वजन कमी, ताकद तीच. कुठलं पातं कुठून निघून कुठे जातं, ते वाटेत दुभंगतं का, दोन पात्यांमधला खळगा एकच आहे की मध्ये आडवी भिंत आहे, हे सगळं जातीगणिक बदलतं. पूर्वी प्रत्येक जण या पात्यांना आपापली नावं द्यायचा, त्यामुळे दोन निबंधांची तुलनाच होत नसे. १९९९ मध्ये जेफ्री विल्सन यांनी पद्धत घालून दिली : पातं ज्या दोन ठिकाणांना जोडतं, त्यांच्यावरून त्याचं नाव. २०११ मध्ये खळग्यांसाठीही तसंच केलं गेलं. आज मणका वर्णन करायचा तर हीच भाषा वापरतात.

आता आतली बाजू. मणका मोडलेला असेल तर ते नुकसान आहेच, पण मोडलेल्या तोंडावर आतली रचना दिसते. डिप्लोडोकस, कॅमरासॉरस यांच्यात आत मोजक्या, मोठ्या, गुळगुळीत भिंतींच्या खोल्या असतात. टायटॅनोसॉर (टायटॅनोसॉरसवरून नाव पडलेला सॉरोपॉडचा मोठा गट) आणि त्यांच्या जवळच्यांमध्ये लहान लहान, दाटीच्या, मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोकळ्या. ताटलीएवढ्या तुकड्यावरूनही गट कळतो तो असा.

शेपटीकडे या. टायटॅनोसॉरच्या शेपटीच्या मणक्याला पुढे वाटी आणि मागे गोळा असतो, आणि वरची कमान मणक्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर सरकलेली असते. मानेत आणि पाठीत याच्या उलट, पुढे गोळा आणि मागे वाटी. शेपटीचा एकच मणका टेबलावर ठेवला तरी 'हा टायटॅनोसॉर' एवढं बऱ्याचदा म्हणता येतं.

पण शिंपला, खरा अवघड भाग यानंतर सुरू होतो. गट ओळखणं आणि नवी जाती ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. जातीसाठी असं लक्षण लागतं जे जवळच्या कुठल्याही नातलगात त्याच हाडावर, त्याच जागी दिसत नाही. किंवा एकेकटी लक्षणं इतरत्र असली तरी तेवढी सगळी मिळून एका प्राण्यात दुसरीकडे नाहीत, असं दाखवावं लागतं. आकार मोठा आहे हे लक्षण धरत नाहीत.

ओवी | शनिवार, रात्री १०:१९

वाचनखूण साठवली.

नर्मदाकाठ | शनिवार, रात्री १०:५०

टायटॅनोसॉरसबद्दल. १८२८ मध्ये जबलपूरजवळ कॅप्टन स्लीमन यांना हाडं सापडली, आशियातली डायनोसॉरची ही पहिली नोंद. १८७७ मध्ये लायडेकर यांनी शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. तेव्हा पुढे वाटी, मागे गोळा असलेली डायनोसॉरची शेपटी कोणी पाहिलेली नव्हती, त्यामुळे त्या काळाच्या हिशेबाने नाव अगदी योग्य होतं.

पुढे तशीच शेपटी अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर, लाओस इथेही मिळत गेली आणि प्रत्येक वेळी 'टायटॅनोसॉरसचीच आणखी एक जाती' असं म्हणून टाकलं गेलं. १४ जाती झाल्या, काळाचा पल्ला ६ कोटी वर्षांचा. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी सगळं तपासलं, तेव्हा त्यातल्या ५ जातीच टिकण्याजोग्या निघाल्या. खुद्द इंडिकसच्या मणक्यावर त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकही लक्षण उरलं नव्हतं. जे एके काळी एकट्याचं होतं ते आता अख्ख्या गटाचं झालं होतं. असं नाव 'नॉमेन डुबियम', म्हणजे संशयित नाव ठरतं. टायटॅनोसॉरिया हे मोठ्या गटाचं नाव मात्र चालू आहे.

त्याच निबंधात चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या प्राण्याला नवी प्रजाती मिळाली. १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटलं होतं, तो आइसिसॉरस कोल्बर्टी झाला. यातलं 'आइसि' म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. ते नाव टिकलं, कारण एकाच प्राण्याचे मान, पाठ, त्रिकास्थी (कंबरेचे एकजीव मणके) आणि शेपटी यांचे मणके, खांदा, पुढचा पाय, कंबर एवढं हाती होतं.

झाडमाणूस | शनिवार, रात्री ११:०७

नर्मदाकाठ, छान मांडलंत. एक भर : इंडिकसचा मूळ नमुना कित्येक वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये मोहबे आणि सेन यांना त्यातला एक मणका कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला. नाव ज्या हाडावर उभं असतं, तो होलोटाइप, म्हणूनच सार्वजनिक संग्रहात, क्रमांकासह असावा लागतो. १९९९ नंतर दिलेल्या नावाला होलोटाइप कुठला आणि तो कुठे ठेवलाय हे निबंधात लिहिल्याशिवाय मान्यताच नाही. निबंध फक्त ऑनलाइन निघत असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंदणी लागते. हे राहिलं तर शास्त्र कितीही पक्कं असो, नाव अस्तित्वात येत नाही.

कांदिवली_स्लो | रविवार, सकाळी ७:४०

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूच्या ओढ्यात हाडासारखे पांढरे, नळकांडी तुकडे काळ्या दगडात अडकलेले दिसतात. तेही काही असू शकतं का?

बेसाल्ट | रविवार, सकाळी ८:२५

नाही, पण दिसतात तसे हे खरं. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे वर सरकतात आणि नळीसारखी पोकळी राहते. पुढे तीत झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी भरते. मोडलं की पांढरी कांडी. १० पट भिंगाखाली स्फटिकांचे सपाट चकाकते पृष्ठभाग दिसतील. हाडात स्पंजासारखी छिद्रं दिसतात, आणि बाहेरचा थर दाट, आतला जाळीदार असा फरक दिसतो.

शिवाय मुंबईचा खडक वयानेच बसत नाही. दख्खनचा मोठा भाग डायनोसॉर संपले त्या ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, पण मुंबईतले लाव्हाचे थर त्याहून थोडे तरुण. मुंबईत जीवाश्म मिळाले ते दोन लाव्हांच्या मधल्या गाळाच्या थरात : वरळीचे बेडूक. १८४७ मध्ये ओवेन यांनी त्याला राना पुसिला म्हटलं, पुढे तो इंडोबॅट्रॅकस झाला. कासवाचेही अवशेष मिळालेत. शहर सोडायचं नसेल तर फोर्टातल्या जुन्या इमारतींचा पोरबंदरी दगड भिंगाने पाहा, सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांनी भरलेला आहे.

सॉरोपॉडसाठी लामेटा थर हवेत. ते दख्खनच्या लाव्हाच्या खाली असतात : जबलपूर, खेडा-बालासिनोर, आणि महाराष्ट्रात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा-डोंगरगाव.

गाळ | रविवार, सकाळी ९:५५

लामेटात हाड ओळखताना आणखी एक फसगत होते. तिथे चुनकंकराचे गोळे आणि कांड्या भरपूर. त्या अंडी किंवा हाडं वाटतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कंकर फसफसतो. पण हाडाच्या छिद्रांतही कॅल्साइट भरलेला असतो, त्यामुळे हाडही फसफसू शकतं. एकट्या आम्लावर निर्णय देऊ नये, भिंग हवंच.

मूळ प्रश्नाशी याचा संबंध असा, की नव्या जातीचा दावा पुष्कळदा खोदकामाच्या जागीच हरतो. तामिळनाडूत कल्लमेडूला मिळालेला बृहत्कायोसॉरस घ्या. १९८७ मध्ये यादगिरी आणि अय्यासामी यांनी वर्णन केलं, तेही आधी मांसाहारी म्हणून. नडगीचं हाड २ मीटर लांब नोंदवलंय. हाडं उघड्यावर आल्यावर भुगा होत गेली आणि आज तपासायला काही शिल्लक नाही. मूळ निबंधात रेखाटनं होती, हाडांचे फोटो प्रसिद्ध झाले २०२२ मध्ये. जगातल्या सगळ्यात मोठ्या प्राण्यांपैकी एक असू शकणारा हा जीव आता कागदावरच आहे. फार जिवाला लागतं हे.

म्हणून क्रम सांगतो. हाडाचं टोक दिसलं की ओढायचं नाही. आधी दोन्ही बाजू मोकळ्या करून हाड किती लांब जातंय ते बघायचं. वरची माती खुरप्याने, हाडाजवळ आल्यावर दाभण आणि ब्रश. तडे दिसले की पॅरालॉइड बी-७२ (ॲक्रिलिक राळ) ॲसिटोनमध्ये विरघळवून पाजायचं. आत झिरपावं म्हणून पातळ, वजनाने ५ टक्क्यांच्या आसपास. तुकडे जोडायला तेच घट्ट करून. हाड ओलं असेल तर हे आत जात नाही, वर पांढरी साय धरते. पांढरा गोंद टाळावा, पुढे काढताना हाडाचा पृष्ठभागच सोलून निघतो.

जागेवर सुती दोऱ्याने १ मीटरचे चौकोन आखा. प्रत्येक हाडाची दिशा होकायंत्राने, उतार अंशांत, आणि वरची बाजू कुठली हे हाडावर बाणाने. हा बाण का, ते मोजपट्टी सांगतील बहुतेक.

परळनाका | रविवार, सकाळी १०:३०

हाड उचलताना त्याला प्लास्टरचं कवच घालतात ना? लालबाग-परळच्या मूर्तींच्या कारखान्यांत पीओपीत काथ्या घालतात, तसा इथे चालेल का?

गाळ | रविवार, सकाळी ११:१०

तत्त्व तेच, प्लास्टर दाबाला टिकतं पण ताणाला तुटतं, म्हणून आत धागा हवा. पण काथ्याचे तंतू ताठ. हाडाच्या वळणावर ते उचलून धरतात आणि खाली पोकळी राहते. तिथे गोणपाटाच्या १० ते १५ सेंटिमीटर रुंद पट्ट्या बऱ्या. प्रयोगशाळेत खालचा कायमचा पाळणा करताना काथ्या चांगला.

आधी हाडावर ओल्या टिश्यू कागदाचे २-३ थर, नाहीतर प्लास्टर हाडालाच धरेल. १ किलो प्लास्टरला साधारण ६०० ते ७०० मिलिलिटर पाणी, आणि प्लास्टर पाण्यात टाकायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही. पट्ट्या एकमेकींवर निम्म्या चढवत ३-४ थर, मोठ्या हाडाला बांबू आडवे-उभे बांधून. खालून कोरत नेऊन हाड ओट्यावर ठेवल्यासारखं झालं की कवच काठाखाली वळवायचं. ते न वळवता पलटी मारली तर माती हाडासकट खाली सांडते. सगळ्यात जास्त नुकसान याच क्षणी होतं.

वजनाचा अंदाज आधी घ्या. १.७ मीटरच्या मांडीच्या हाडाचा ठोकळा १.९ × ०.६ × ०.५ मीटर धरला तर ०.५७ घनमीटर. घनमीटरला अडीच टन धरले तर १.४ टन. चार माणसांनी उचलायची गोष्ट नाही ही, तिकाटणं आणि चेनपुली लागते. आणि हे सगळं डिसेंबर ते मार्चमध्ये. लामेटातली लाल-हिरवी चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते, आणि आतल्या हाडाचे तुकडे करते.

मोजपट्टी | रविवार, दुपारी १:२०

बाणाचं कारण. लाखो टन गाळाखाली मणका चपटा होतो. आडवा पडलेला मणका उभ्या दिशेने दबला तर तो अरुंद दिसेल, उभा पडलेला दबला तर बुटका दिसेल. एकाच प्राण्याचे दोन मणके दोन जातींचे वाटू शकतात. हाड कसं पडलं होतं याची नोंद असेल तर 'हा अरुंदपणा दाबामुळे' असं दाखवता येतं. नोंद नसेल तर रुंदी-उंचीची सगळी गुणोत्तरं संशयास्पद होतात.

मानेच्या मणक्यासाठी सगळ्यात वापरलं जाणारं माप म्हणजे लांबी भागिले मागच्या तोंडाची उंची. ६० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर उंच असेल तर ४. ऐकायला सोपं, पण दोन खड्डे आहेत. काही जण लांबी पुढच्या गोळ्यासकट घेतात, काही गोळा सोडून. काही नुसत्या उंचीने भागतात, काही उंची आणि रुंदीच्या सरासरीने. गोळा ८ सेंटिमीटर असेल तर तोच मणका ४ वरून ३.५ च्या खाली येतो. दुसऱ्याच्या निबंधातला आकडा उचलण्याआधी त्याने काय मोजलं ते वाचलंच पाहिजे. 'नवा, जास्त लांब मानेचा' हा निष्कर्ष नुसत्या मोजण्याच्या फरकातून निघू शकतो.

तळटीप | रविवार, दुपारी १:४८

मान कितव्या मणक्याची आहे तेही ना? कॅमरासॉरसला मानेचे १२, जिराफॅटिटनला १३, डिप्लोडोकसला १५, मामेंचीसॉरसच्या काही जातींना १८-१९. सुटा मणका कितवा हे कळणार कसं?

कशेरुका | रविवार, दुपारी २:३५

नेमका प्रश्न. एकाच प्राण्याच्या ३ऱ्या आणि १२व्या मणक्यात जितका फरक असतो, तितका दोन वेगळ्या जातींच्या ८व्या मणक्यांतही नसेल. सुट्या मणक्यावर काम करणारा याच ठिकाणी सगळ्यात जास्त चुकतो.

जागा ठरवताना बरगडीचे दोन सांधे बघतात. मानेत ते दोन्ही खाली, धडाजवळ असतात. पाठीत मागे जावं तसतसा खालचा सांधा धडावरून चढत कमानीवर जातो. मणका मान-पाठीच्या जोडावरचा आहे का, हे त्यावरून कळतं. मानेच्या आत मात्र 'पुढचा, मधला, मागचा' एवढंच म्हणावं आणि तुलनाही त्याच पट्ट्यातल्या मणक्यांशी करावी. 'मधला' म्हणून वर्णन केलेला मणका नंतर मागचा निघाला आणि जातीचं लक्षण गेलं, असं होऊ शकतं.

आता एक मणका टेबलावर घेऊ. शेपटीचा, पुढच्या भागातला, समजा १४ सेंटिमीटर लांब. आधी सहा बाजूंनी फोटो : पुढून, मागून, दोन्ही बाजू, वर, खाली. मोजपट्टी हाडाच्या मध्यरेषेच्या पातळीवर, टेबलावर नाही, नाहीतर माप चुकतं. मग हात फिरवायचा. मागच्या गोळ्याचा शेंडा मध्यावर आहे की वर सरकलाय? तळाशी लांबट खोबण आहे का, तिच्या कडांना धार आहे का? खालच्या हाडाची, शेवरॉनची, टेकायची जागा दोन वेगळे उंचवटे की एकच? कमान मोडली असेल तर तिचा बुंधा कुठून कुठपर्यंत? आडव्या फाट्याच्या मुळाशी पातं आहे की नुसता फुगवटा? या प्रत्येकाचं उत्तर 'आहे', 'नाही' किंवा 'मोडल्यामुळे सांगता येत नाही' असंच लिहायचं. तिसरं उत्तर लिहायला धीर लागतो, पण तेच पुढच्या माणसाला वाचवतं.

झाडमाणूस | रविवार, दुपारी ३:१५

आणि हीच उत्तरं वंशावळ काढायच्या तक्त्यात जातात, प्रत्येक प्राण्याला एक ओळ, प्रत्येक लक्षणाला एक रकाना. सॉरोपॉडच्या तक्त्यांत ४०० ते ५५० लक्षणं असतात. चार मणक्यांचा प्राणी घातला तर त्याच्या ओळीत ९० टक्के प्रश्नचिन्हं. टीएनटी नावाचा मोफत प्रोग्रॅम कमीत कमी बदल लागणारी वंशावळ काढतो. अपुरा प्राणी मग झाडावर भटकतो, एका झाडात इथे, दुसऱ्यात तिथे, आणि सरासरी झाड काढलं की अख्खी फांदी कोसळून फणीसारखी होते. त्याला बाजूला काढून पुन्हा चालवायचं, आणि काढला होता हे निबंधात लिहायचं. सगळ्या लक्षणांना सारखं वजन दिलं तर एक झाड, वारंवार बदलणाऱ्यांचं वजन कमी केलं तर दुसरं. दोन्ही छापावीत.

नमुना चांगला असेल तर याच पद्धतीने काय होतं तेही बघा. २०१५ मध्ये चॉप, मॅटियस आणि बेन्सन यांनी डिप्लोडोकसच्या कुळातले ४९ आणि तुलनेसाठी बाहेरचे मिळून ८१ घटक ४७७ लक्षणांवर तपासले आणि १९०३ मध्ये ॲपॅटोसॉरसमध्ये विलीन केलेला ब्रॉन्टोसॉरस पुन्हा वेगळा काढला. त्या कुळात त्यांनी जातींची तुलना न करता एकेका नमुन्याला स्वतंत्र ओळ दिली, हे त्यातलं मर्म.

सूक्ष्मदर्शी | रविवार, सायं. ५:०५

वय कोणी बोललं नाही अजून. पिल्लाच्या मणक्याचं धड आणि कमान सुटी असतात, जोडरेषा दिसते. पिल्लाची पाती कमी ठळक, खळगे उथळ, मान प्रमाणात आखूड. त्याला वेगळी जाती समजण्याचा मोह होतो. जोडरेषा बंद झालेली असली तरी वाढ पूर्ण झाली असं नसतं.

खात्रीसाठी मांडीच्या किंवा दंडाच्या हाडाच्या मध्यावरून १६ मिलिमीटरचा गाभा ड्रिलने काढतात, घासून काचपट्टी बनवतात. आत वाढ चालू असताना रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्याचं हाड दिसतं. म्हाताऱ्या प्राण्यात बाहेरच्या कडेला जवळजवळ दाबून बसवलेल्या रेषांची पट्टी असते, म्हणजे वाढ थांबली. मध्यच का, तर टोकाकडे वाढताना हाड सतत घडवलं-मोडलं जातं आणि जुनी नोंद पुसते. आधी हाडाचा साचा आणि त्रिमितीय फोटो, मगच ड्रिल. होलोटाइपला भोक पाडायला संग्रहालय पटकन हो म्हणत नाही, आणि ते बरोबर आहे.

वरळी_सीफेस | रविवार, सायं. ६:३०

एकाच खाणीत मिळालेली हाडं एकाच प्राण्याची धरायची का? ते तर सोपं पडेल.

नर्मदाकाठ | रविवार, सायं. ७:१०

सोपं, पण धोक्याचं. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात कोटा थरात बारापासॉरस हा सॉरोपॉड मिळाला. सुमारे ३०० हाडं, किमान ६ प्राणी, सगळी मिसळलेली. 'किमान' कसं काढतात, तर एकाच बाजूचं एकच हाड, म्हणजे डावी मांडी वगैरे, किती वेळा येतं ते मोजून. १९७५ मध्ये नाव देताना होलोटाइप म्हणून त्रिकास्थी, म्हणजे कंबरेचे एकजीव झालेले मणके, घेतली. पुढे यात दुसरा प्राणी मिसळलाय असं निघालं तरी नाव त्या एका हाडाला चिकटून राहील, वाहून जाणार नाही.

(नावातला 'बारा' आपला १२ नव्हे. बडा पाय असा अर्थ. बारा पाय समजणारे बरेच भेटतात.)

आणि डोंगरगाव बघा. आइसिसॉरस तिथलाच, पण त्याची कवटी नाही. त्याच परिसरातली मेंदूची पेटी १९८२ मध्ये वर्णन झाली होती. जवळ सापडली म्हणून आइसिसॉरसच्या डोक्यावर बसवणं किती सहज होतं! तुलनेनंतर ती जैनोसॉरस या दुसऱ्या टायटॅनोसॉरकडे गेली, ज्याची मूळ हाडं जबलपूरची. आइसिसॉरस आणि जैनोसॉरस दोघांचंही दंडाचं हाड उपलब्ध आहे, एकाचं दणकट, दुसऱ्याचं सडपातळ, म्हणून ते दोन वेगळे हे ठामपणे म्हणता येतं.

शिंपला | रविवार, रात्री ९:००

किती नेमकं लिहिलंय सगळ्यांनी. मनापासून आभार. पण 'निम्मा सांगाडा' या माझ्या मताला कोणी थेट उत्तर दिलं नाही.

कशेरुका | रविवार, रात्री ९:३५

देतो. मला ती अट पटत नाही. निम्मा म्हणजे कुठला निम्मा? बरगड्या, बोटं, शेपटीचं टोक मिळून निम्मी हाडं होतील आणि जाती ठरणार नाही. उलट २०२३ मध्ये जैसलमेरच्या थारोसॉरस इंडिकसचं वर्णन झालं ते थोड्याच हाडांवर. पण त्यांत मणके होते, खळगे आणि पाती शाबूत होती, आणि थराचं वय १६.७ कोटी वर्षं असल्याने डिप्लोडोकसच्या मोठ्या गटातला तो आजवरचा सगळ्यात जुना ठरला. निम्म्या सांगाड्याची वाट पाहिली असती तर हे कळलंच नसतं.

झाडमाणूस | रविवार, रात्री ९:५२

मी शिंपला यांच्या बाजूने थोडा. आपल्याकडे दीडशे वर्षांत दिलेल्या नावांपैकी कितीतरी संशयित ठरली आणि प्रत्येक नवा अभ्यासक आधी ती निस्तरण्यात वर्षं घालवतो. 'टायटॅनोसॉर, जाती अनिश्चित' असं लिहून, क्रमांक देऊन, सहा बाजूंचे फोटो छापले तरी ते पूर्ण काम आहे. नाव नंतर देता येतं. दिलेलं नाव मात्र परत घेता येत नाही, यादीत कायम राहतं.

गाळ | रविवार, रात्री १०:१५

झाडमाणूस, शास्त्र म्हणून पटतं. पण नाव मिळालं की जागा वाचते, हेही खरं. बालासिनोरजवळ रैयोलीला राजासॉरस या डायनोसॉरला नाव मिळाल्यानंतर कुंपण, उद्यान, संग्रहालय आलं. पिसदुऱ्याच्या शेतात हाडं अजून नांगराखाली जातात. मला दोन्हीची काळजी वाटते.

झाडमाणूस | रविवार, रात्री १०:२८

जागा वाचवायला जागेचंच महत्त्व मांडावं, कच्च्या नावाचा आधार घेऊ नये. पण नांगराखाली जाणाऱ्या हाडांबद्दल तुमच्याइतकंच वाईट वाटतं.

कांदिवली_स्लो | रविवार, रात्री १०:४१

कोणाला शेतात असं काही दिसलं तर करायचं काय?

गाळ | रविवार, रात्री १०:५०

उचलायचं नाही. मोबाइलने लांबून आणि जवळून फोटो, बाजूला नाणं किंवा पेन मापासाठी, जागेचे अक्षांश-रेखांश. पाऊस जवळ असेल तर वर वाळलेली माती आणि त्यावर ताडपत्री, थेट हाडावर प्लास्टिक नको, आत पाणी सुटतं. मग नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य क्षेत्र कार्यालयाला कळवा.

शिंपला | सोमवार, सकाळी ८:०५

'निम्मा सांगाडा' मागे घेतो. त्याऐवजी गटात मांडायला हे लिहिलंय, चुकत असेल तर सांगा : ज्या हाडावर नाव द्यायचं तेच हाड जवळच्या नातलगांतही माहीत असलं पाहिजे, प्राणी वाढलेला असला पाहिजे, आणि फरक दाबामुळे आलेला नाही हे दाखवता आलं पाहिजे. चार मणके या तिन्ही कसोट्यांना उतरले तर चार पुरेत.

सरावासाठी खाटकाकडून बैलाच्या मानेचे सातही मणके मागवलेत, सगळ्यांनी मोजून आकडे जुळवायचे.

मोजपट्टी | सोमवार, सकाळी ८:३०

उत्तम सराव. बैलाच्या मानेच्या मणक्यांनाही पुढे गोळा, मागे वाटी असते, त्यामुळे हुबेहूब तीच अडचण येईल. पहिले दोन वेगळेच असतात, ते बाजूला ठेवा. उरलेल्यांची लांबी गोळा धरून की सोडून, ते मोजायच्या आधी फळ्यावर लिहा.